वाढत्या अंगाची दुमड

१

कपडे लांब-आखूड करायचे, चेन बदलायची, काज-बटणं करायची, एवढंच माझं काम. नवं फारसं काही शिवत नाही, शाळेचे गणवेश सोडले तर. मशीन खिडकीशी ठेवलंय आणि खिडकी व्हरांड्याकडे उघडते. त्यामुळे मजल्यावर कोण आलं, कोण गेलं, हातात काय होतं, तोंड कसं होतं, हे मला बसल्या जागी कळतं. लोक मला चौकस म्हणतात. म्हणोत बापडे. उजेड त्याच खिडकीतून येतो, त्याला मी काय करू?

आणि खरं सांगू का, कपडेच इतकं बोलतात की विचारायची गरज पडत नाही. कोणाच्या कोपराला आधी भोक पडतं, कोण खिशात हात घालून दिवस काढतं, कोणाचं पोट सुटलंय आणि तो ते मान्य करत नाही, सगळं माझ्या मांडीवर येऊन पडतं. मी कोणाला सांगत नाही. म्हणजे, फार कोणाला सांगत नाही.

गणवेशाच्या बाबतीत माझी एक रीत आहे. फ्रॉक असो की पँट, खाली आतल्या बाजूला चार बोटं दुमड ठेवायची. दुसरे शिंपी दोन बोटं ठेवतात, कारण कापड वाचतं. मी म्हणते, वाढत्या अंगाचा कपडा आहे, जागा ठेवावी. पोर वाढलं की दुमड उसवायची, कपडा पुन्हा वर्षभर चालतो. आईबापांचे पैसे वाचतात आणि मला दुवा मिळतो.

शेजारच्या घरातली चिमणी तेरा वर्षांची झाली तेव्हा मी तिचा गणवेश शिवला. खरं नाव वेगळं आहे, मी तिला चिमणीच म्हणते, कारण होतीच तेवढी. वर्गात तिला ‘स्टूल’ म्हणायचे. फळ्यावर लिहायचं तर स्टूल लागतं म्हणून. तिचे वडील बसवर ड्रायव्हर, आणि इतके उंच की आख्खी इमारत त्यांना ‘टॉवर’ म्हणते. व्हरांड्यातून गेले की माझ्या खिडकीत त्यांच्या शर्टाचं फक्त दुसरं बटण दिसायचं. बोलायचं असेल तर वाकून तोंड खिडकीत आणायचे. आई औषधाच्या दुकानात काउंटरवर. मी त्यांना वहिनी म्हणते. हसरी बाई, पण मोजकं बोलणारी.

फ्रॉक घालून पाहिला तेव्हा वहिनींनी दुमड उलटून बघितली आणि हसल्या.

“ताई, एवढी जागा? ही पोरगी म्हातारी होईपर्यंत भरायची नाही.”

“भरेल हो,” मी म्हटलं. “जागा असली की माणूस भरतोच.”

चिमणी आरशात पाहत होती. “खरंच मावशी?”

“खरंच.”

बोलायचं म्हणून बोलले. असं तर मी सगळ्यांनाच म्हणते.

२

परीक्षा संपायच्या आत फ्रॉक परत आला. उसवून द्या म्हणून.

मला आनंद झाला. या वयात मुलं अशी वाढतात की आज पाहावं आणि आठवड्यानं ओळखू येऊ नयेत. माझा मुलगासुद्धा एका सुट्टीत एवढा वाढला होता की शाळेत गेल्यावर शिपायानं त्याला अडवलं. मी दुमड उसवली, इस्त्री फिरवली, जुन्या घडीची रेघ मात्र राहिली, ती काही जात नाही. चिमणीनं तिथेच घालून पाहिला. कड बरोबर गुडघ्याखाली. एक सुतभरही कमी नाही, जास्त नाही.

“बघ, म्हटलं होतं ना!”

“पाय दुखतात पण मावशी. आतून. कोणीतरी ओढल्यासारखे.”

“वाढतेस ना, म्हणून. तेल लाव.”

तिला म्हटलं, कड आणखी सोडायला आता काही उरलं नाही, तर मी आतून जोड देते. जोड दिला, आणि हाताच्या सवयीनं पुन्हा चार बोटं दुमड ठेवली.

त्याच सुमारास दुपारी आवाज यायला लागला. आमच्या दोन घरांत एकच भिंत. तीन-साडेतीनला मजल्यावर सामसूम असते, त्या वेळी भिंतीपलीकडून टर्रर्र. कोरं कापड उभ्या धाग्यात फाडावं तसा. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. कात्रीनं एक खाच द्यायची, दोन्ही हातांनी ओढायचं, की कापड सरळ रेषेत फाटत जातं. पण कापड फाटायचं म्हटलं तर पाच-सहा हातांत संपतं. हा आवाज संपतच नव्हता. हळूहळू, थांबत थांबत, कोणीतरी जपून फाडत असल्यासारखा.

माझ्या मनात पहिलं काय यावं? की वहिनींनी शिवणकाम सुरू केलं! माझ्या शेजारी बसून माझंच गिऱ्हाईक! दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी पाणी भरताना विचारलंच.

“काय वहिनी, मशीन घेतलं वाटतं?”

“मशीन? कशाचं?”

“नाही, कापड फाडल्याचा आवाज येतो दुपारचा.”

त्यांची बादली भरून वाहायला लागली तरी त्या नळ बंद करेनात. मग म्हणाल्या, “कॅलेंडरची पानं असतील. वाऱ्यानं.”

कॅलेंडर. ठीक आहे.

संध्याकाळी टॉवरभाऊ दोन पँटी घेऊन आले.

“ताई, जरा आखूड करा. टाचेखाली येतात हो.”

मी माप घेतलं. टाचेखाली येत होत्या खऱ्या. मी खडूनं खूण केली, कात्री चालवली. वर्षानुवर्षं त्यांच्या पँटी मीच करते, आणि त्यांच्या मापाची रेडिमेड मिळत नाही म्हणून मोहरीला, म्हणजे पायाच्या खालच्या कडेला, नेहमी जोड द्यावा लागायचा. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या पँटीतून कापड कापून काढलं.

किती, ते मी पाहिलं. चार बोटं.

३

मी सातवी शिकलेली बाई आहे, पण भोळसट नाही. आधी मी टेपवर संशय घेतला. कापडी टेप जुना झाला की ताणतो, खोटं माप दाखवतो. लोखंडी पट्टी काढून ताडून पाहिला. टेप खरा होता. मग कापडावर संशय घेतला. पण कापड धुतल्यावर आटतं, लांब होत नाही. मग म्हटलं, माणूस वयानं खचतो. ड्रायव्हरची पाठ, दिवसभर गचके, मणका दबत असेल. चाळिशीत? का नाही?

असं स्वतःला समजावून मी गप्प बसले, म्हणजे बसायचा प्रयत्न केला. पण खिडकी समोर होती. पूर्वी भाऊ गेले की दुसरं बटण दिसायचं. आता कॉलर दिसायला लागली. पुढे हनुवटी. एक दिवस ते व्हरांड्यातून जाताना माझ्याकडे पाहून हसले, तेव्हा लक्षात आलं की ते वाकलेले नाहीत. सरळ उभे होते, आणि त्यांचा चेहरा बरोबर माझ्या खिडकीत होता.

चिमणीचा फ्रॉक दुसऱ्यांदा आला. पुन्हा दुमड पूर्ण भरलेली. दोन दिवसांनी भाऊंच्या पँटी आल्या. पुन्हा टाचेखाली.

“भाऊ, डॉक्टरला दाखवलं का?”

“अहो कशाला? वजन उतरलंय, त्यामुळे पँट खाली सरकते.” मग आवाज उतरवून, खुशीत, “पोरगी बघितली का? बास्केटबॉलच्या संघात घेतली. माझी पोरगी! स्टूल म्हणणारे आता तिला वर बघून बोलतात.”

एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

पण शंका अशी गप्प बसत नाही. माझा रोख वहिनींवर होता, खोटं कशाला बोलू. औषधाच्या दुकानातली बाई. उंची वाढवायच्या पावडरी, गोळ्या, थेंब, काय काय विकतात. पोरीला काहीतरी चारत असणार, आणि नवऱ्याला दुसरंच काहीतरी. का, ते मला सुचत नव्हतं. पण काउंटरवरच्या माणसाला कशाचं काय होतं ते माहीत असतं.

तीनच्या सुमारास आवाज सुरू झाला तशी मी उठले आणि त्यांचं दार वाजवलं.

४

“चाळणी होती का माझी तुमच्याकडे?”

चाळणी माझ्याच फळीवर होती.

वहिनींनी दार अर्धं उघडलं, पण मी तोवर आत होते. त्यांचं घर माझ्यासारखंच, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, फक्त उलट्या अंगानं. बाहेरच्या खोलीत बास्केटबॉलचे नवे बूट. केवढे! कोपऱ्यात वॉशबेसिन, वर आरसा. आतल्या खोलीचं दार लोटलेलं, आणि तिकडून तो आवाज. इथून तो भिंतीतून ऐकल्यासारखा दबका नव्हता. धागा न धागा सुटत असल्यासारखा स्पष्ट. आणि मधेच कोणीतरी दात आवळून श्वास घेतल्यासारखं. एकानं नाही. दोघांनी.

“आत कोण आहे?”

“चिमणी झोपलीय. हे पण, पहाटेची पाळी करून आलेत.” वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी मिक्सर लावला. भांड्यात काही नव्हतं. रिकामा मिक्सर किंचाळत होता आणि त्या त्याच्यावर हात ठेवून माझ्याकडे पाहत उभ्या होत्या.

मी नजर चुकवायला आरशाकडे पाहिलं. आरशाच्या वर भिंतीत चार भोकं होती, जुन्या खिळ्यांची. रंगाचा एक चौकोन उजळ राहिलेला. आरसा खाली घेऊन ठोकला होता.

मला हे कळायला जरा वेळ लागला. घरात वाढणारं माणूस असेल तर आरसा वर घेतात. खाली कोणासाठी घेतात? त्या आरशात दाढी कोण करतं?

मिक्सर थांबला तेव्हा आतला आवाजही थांबला होता.

“चाळणी नाही तुमची,” वहिनी म्हणाल्या.

“घरीच असेल मग.”

“घरीच बघा ताई. आधी स्वतःच्या घरात बघावं माणसानं.”

मी बाहेर पडले. टोमणा होता, एवढं कळलं. कशाचा, ते कळलं नाही.

५

तिसऱ्यांदा फ्रॉक आला तेव्हा चिमणी रडत होती.

आता ती माझ्याहून उंच होती. मशीनच्या शेजारी जमिनीवर बसली तरी तिचे गुडघे कुठे ठेवायचे तिला कळेना.

“बाबांना गाडीवरून काढलं, मावशी.”

“का गं?”

“ब्रेकवर पाय पोचत नाही. उशी घेऊन बसायचे, तर इन्स्पेक्टरनं पाहिलं. आता टेस्ट घेणार. सीटवर बसून पाय पोचला तर गाडी, नाही तर कायमचं घरी.”

मी सुईत दोरा ओवत होते, तो ओवेना.

“मला शाळेतून येताना पाय दुखायला लागले की मी निजते. तर बाबांनाही त्याच वेळी दुखतं. ते हसतात. म्हणतात, वाढ तू, वाढ. मी नको म्हटलं तर म्हणतात, वेडी आहेस का.” तिनं नाक पुसलं. “मावशी, अजून किती वाढणार मी? बाबा संपतील का?”

“असं काही नसतं, बाळा. शाळेत शिकवलं ना, हाडं वाढतात, जेवणानं वाढतात. कोणी कोणाचं घेऊन वाढत नाही.”

“मग बाबांचं कुठे जातंय?”

मी फ्रॉक घेतला, दुमड उसवली, आणि पुन्हा नवा जोड देऊन आत घडी घालणार, एवढ्यात दार ढकलून वहिनी आत आल्या. दुकानातून तशाच आल्या होत्या, पांढरा कोट अंगात.

“खाली ठेवा तो.”

“अहो, पण उसवलाय—”

“ठेवा म्हणते ना!” त्यांनी फ्रॉक माझ्या हातातून ओढला, उलटा केला आणि जुन्या घडीच्या रेघा माझ्यासमोर धरल्या. “ही पहिली. ही दुसरी. ही तिसरी. ताई, तुम्ही जेवढी जागा ठेवता तेवढीच ही वाढते. दुमड संपेपर्यंत वाढते आणि तिथे थांबते. मग तुम्ही पुन्हा जागा ठेवता.”

“मी? माझ्यावर काय घालता? मला वाटलं तुम्हीच हिला काही—”

“मला ठाऊक आहे तुम्हाला काय वाटलं ते. चाळणी शोधायला आला होतात.” त्यांचा आवाज कापत होता, पण त्या चिडलेल्या नव्हत्या. घाबरलेल्या होत्या. “तुमचा हात वाईट आहे असं मी म्हणत नाही. तुम्ही मायेनं ठेवता. पण आता पुरे. हिच्या कपड्याला तुम्ही हात लावायचा नाही.”

पिशवीतून त्यांनी नवा रेडिमेड फ्रॉक काढला. कडेला जेमतेम बोटभर शिवण. तो चिमणीच्या हातात देऊन तिला घेऊन गेल्या. वाटेत पोरीचं डोकं माझ्या भिंतीवरच्या घड्याळाला लागलं.

६

मला राग आला. इतकी वर्षं या मजल्यावरच्या पोरांना मी जागा ठेवून देतेय, आणि हे ऐकून घ्यायचं? तासभर धुसफुसत होते. मग चिंध्यांची पिशवी ओढली.

मी काही फेकत नाही. भाऊंच्या पँटींतून कापलेल्या पट्ट्या पिशवीत होत्या, त्याच आठवड्यात तिसऱ्यांदा कापलेल्यासुद्धा. चिमणीचा जुना फ्रॉक वहिनी घाईत इथेच टाकून गेल्या होत्या. मी तो जमिनीवर पसरला आणि एकेक पट्टी रेघांच्या मध्ये ठेवून पाहिली. पहिली पट्टी पहिल्या घडीत बसली. दुसरी दुसऱ्या. तिसरी तिसऱ्या. कडेला कड.

बसणारच, मी स्वतःला म्हटलं. दोन्ही माझ्याच हातचं. माझी चार बोटं सगळीकडे चारच असणार. याला काही पुरावा म्हणतात?

पण त्यानंतर दुपारचा आवाज थांबला. एकदम. रेडिमेड फ्रॉक आला त्या दिवसापासून. चिमणीची कड हलली नाही. आणि भाऊ व्हरांड्यातून जाताना माझ्या खिडकीत त्यांचा फक्त भांग दिसायचा, तो भांग तेवढ्यावरच राहिला. वर नाही, खाली नाही.

वहिनींना तेवढं पुरेसं होतं. नळावर भेटल्या तेव्हा आपणहून म्हणाल्या, “थांबलंय, ताई. आता कोणी काही करू नका. आहे तसं राहू दे.”

“आणि भाऊंची टेस्ट?”

“दुसरं काम बघतील. माणूस आहे ना घरात.”

त्यांचं बरोबर होतं. मला तेव्हाही ते पटलं होतं.

पण चिमणीला पटलं नव्हतं. टेस्टच्या आदल्या दिवशी दुपारी, आई दुकानात असताना, ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. एका हातात खाकी कापड, बाबांना कामावरच्या कपड्यांसाठी मिळणारं. दुसऱ्या हातात काही नाही, त्या हातानं तिनं माझा पदर धरला.

“मावशी, बाबांसाठी पँट शिवा. आणि खाली जागा ठेवा. जेवढी माझ्या फ्रॉकला ठेवलीत तेवढी, सगळी मिळून. आणि माझा जुना फ्रॉक आखूड करा, पहिल्यासारखा.”

“तुझी आई काय म्हणाली ते ऐकलंस ना?”

“आईला बाबा रडताना दिसत नाहीत. मला आरशात दिसतात.” मग घाईघाईनं, “मी पुन्हा स्टूल झाले तरी चालेल. खरंच. मला बास्केटबॉल आवडतही नाही एवढं.”

आवडत होतं. रोज संध्याकाळी जिन्यात चेंडू आपटून ती सगळ्यांची झोप उडवायची.

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? कपड्यानं माणूस वाढत नाही, हे मला माहीत आहे. मग पँट शिवायला हरकत काय? आणि वाढत असेलच, तर बाप पुन्हा उभा राहील, पोर होती तेवढी होईल, फिटंफाट. दोन्हीकडून विचार केला, दोन्हीकडून उत्तर एकच आलं. मी कापड घेतलं.

भाऊंच्या आत्ताच्या मापाची पँट कापली. खाली आत दुमड ठेवली. तिन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून मोजून घेतलं, आणि तेवढी, बरोबर तेवढी. मी इतकं मन लावून कधी शिवलं नसेल. दोन्ही पायांची दुमड एकसारखी. तुरपाई हातानं घातली, टाके दिसू नयेत म्हणून. काम चोख झालं की मला बरं वाटतं, तसं वाटलं.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणी पँट आणि तिचा जुना फ्रॉक घेऊन गेली, आणि शाळेतून आल्या आल्या परत आली. अंगात जुना फ्रॉक, तीन रेघांचा.

“बाबा निघायच्या आधी घालणार आहेत. तुम्ही माझा आखूड करायला घ्या ना.”

“उभी राहा. हलू नकोस.”

ऊन व्हरांड्यातून थेट आत आलेलं होतं. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, ओठांत टाचण्या धरल्या आणि कड पहिल्या रेघेपाशी वर दुमडायला घेतली. या कामाची मला इतकी सवय आहे की कितीही काळजी असली तरी ते करताना मन शांत होतं. समोर फक्त कापड, दोन नडग्या, दोन मोजे. नवे बूट. एक टाचणी, दुसरी टाचणी. वर चिमणी काहीतरी गुणगुणत होती. तिचा आवाज माझ्या डोक्यावरून, बराच वरून येत होता.

“बाबा खूश होते मावशी. म्हणाले, केवढी दुमड ठेवलीय ताईंनी, बघ. दोन्ही पायांना.”

मी मान हलवली. तिसरी टाचणी.

दोन्ही पायांना.

माझा हात थांबला. फ्रॉकला कड एकच असते. गोल फिरून येते, पण एकच. तिन्ही वेळा मी तिथे एकदा जागा ठेवली, आणि एकदाच भरली. पँटला पाय दोन. मी डाव्या पायाला सगळी जागा ठेवली होती. आणि उजव्या पायाला, तेवढीच, पुन्हा सगळी.

चिमणे, पळ, बाबांना म्हण घालू नका, असं मला ओरडायचं होतं. तोंडात टाचण्या होत्या. एका हातानं त्या काढायला गेले, दुसऱ्या हातात कड होती.

तेवढ्यात भिंतीपलीकडे टर्रर्र सुरू झालं.

आणि इथेही. माझ्या समोर. कापड नव्हतं फाटत; कापड माझ्या हातात होतं, एक धागाही सुटत नव्हता. आवाज त्याच्या आतून येत होता. चिमणीनं दात आवळून श्वास घेतला. माझ्या बोटांत धरलेली कड हलकेच खाली सरकली. गुडघे झाकले. मी कड वर धरायला गेले, जसं काही माझ्या धरण्यानं ती थांबणार होती. टाचण्या लावलेली घडी गुडघ्यांखाली आली.

फ्रॉक नवा होता तेव्हा कड जिथे यायची, बरोबर तिथे ती घडी क्षणभर थांबल्यासारखी वाटली. मी जीव मुठीत धरून वाट पाहिली.

मग ती पुढे निघाली. नडग्या झाकल्या, मोजे झाकले. कापड बुटांभोवती जमिनीवर साचायला लागलं.

व्हरांड्यात पावलं वाजली, जड, लांब टांगांची. दारातून आधी सावली आत आली, लादीवरून माझ्या हातांवरून पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली आणि तिथून वर चढायला लागली. आणि दाराच्या अगदी वरून, आनंदानं फुटलेला आवाज आला, “ताई! अहो ताई, भरली बघा! पूर्ण भरली!”

मी वर पाहिलं नाही. मला कापडाशिवाय कुठेही बघायचं नव्हतं.

“झालं का हो मावशी?” चिमणीनं विचारलं.

तिचा आवाज डोक्यावरून आला नाही. माझ्या कानापाशी आला, अगदी जवळून, माझ्या गालाला तिचा श्वास लागला. मी गुडघ्यांवर बसलेली होते, आणि हातातली कड अजून खाली जात होती.